काविळीची माळ

नीळकंठरावांना कावीळ झाली आणि त्यांचे दोन्ही मित्र त्यांना बरे करायला निघाले. डॉक्टर माणिकराव आणि भोजराज वैद्य रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर पत्ते खेळत; तीन-दोन-पाच, तिघांचाच खेळ. बैहरच्या जंगलखात्यातून निवृत्त झालेल्या नीळकंठरावांच्या दिवसाला तेवढाच उजेड उरला होता. एकाचे औषध नाकारावे, तर तो रुसणार. म्हणून त्यांनी दोघांचेही घेतले, एकाचे दुसऱ्यापासून लपवून.

सकाळी डॉक्टरांची सुई, दुपारी वैद्यांचा भुईआवळ्याचा रस. शिवाय वैद्यांनी त्यांच्या डोक्यावर औषधी झाडाच्या मुळ्यांची माळ ठेवली होती. कावीळ उतरते तशी ती लांबते आणि खाली सरकत गळ्यात येते. डॉक्टरांसमोर नीळकंठराव तिच्यावर कानटोपी ओढत.

"घरात कानटोपी काहून?"

"वारा लागते, डॉक्टर."

"दोघायलेही सांगून टाका न," त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई आत पुटपुटत.

एके सकाळी डॉक्टर छाती तपासत असताना टोपीखालून माळ निसटली, नाकावर क्षणभर थबकली आणि गळ्यात पडली. भोजराज त्याच वेळी रस घेऊन दारात आले होते.

"पाहा, माळ उतरली. कावीळ गेली," ते म्हणाले. मग त्यांना सुई दिसली.

"मुळ्या वाळल्या का माळ लांबतेच, वैद्यबुवा. कावीळ माह्या सुईनं गेली."

"मंग माहा रस का झाडाले घातला?"

दोघे दोन रस्त्यांनी गेले. नीळकंठराव बरे झाले, आणि ओसरीवर संध्याकाळ एकटीच येऊन बसू लागली.

शेवटी त्यांनी पोटदुखीचे सोंग घेतले आणि दोघांनाही एकाच वेळी बोलावले. "एकट्याच्यानं हे होत नाही," ते कण्हले. "तुमी दोघं मिळून इलाज करा."

दोघांनी आधी छताकडे पाहिले, मग एकमेकांकडे. हळूहळू खुर्च्या जवळ आल्या.

"तुमची गोळी, वरून माहा काढा?"

"हौ, चालते. अन् आराम पायजे."

"पूर्ण आराम. बोलणं बंद."

"पत्ते तं बिलकुल नाही," डॉक्टर म्हणाले. वैद्यांनी मान डोलावली. "आमी रोज येऊन पाहत जाऊ."

तेव्हापासून ते रोज येत. नाडी पाहून ओसरीवर जात. पहिल्याच दिवशी बाहेरून पत्ते पिसल्याचा आवाज आला.

"वहिनी, या न. तिसरं कोणी नाही."

"मले कुठं येते, भाऊ?"

"शिकवतो."

पदराला हात पुसत त्या गेल्या. थोड्या वेळाने ओसरीवरून त्यांचे मोकळे हसू आले. इतक्या वर्षांत ते कधी ऐकल्याचे नीळकंठरावांना आठवेना. उशाशी काढा निवत होता. ते अगदी ठणठणीत होते, आणि पडून होते.