द्वारकाबाईंचं सत्र

सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या विभागीय परिषदेत निबंध वाचायला अर्पिताला वाशी या तालुक्याच्या गावाहून उमरग्याला जायचं होतं, आणि तिच्या नवऱ्यानं, अमरसिंहनं, आदल्या दिवशी जेवताना सांगून टाकलं की आईलाही घेऊन जा. द्वारकाबाईंचा गुडघा धरला होता आणि शेजारच्या धुरपदाबाईंना उमरग्याच्याच एका डॉक्टरचा गुण आला होता. दुपारी चारची वेळ मिळाली होती. तोवर आईनं बसायचं कुठं, हा प्रश्न अमरसिंहला पडला नाही.

अर्पिताच्या डोक्यात मात्र दुसरं काही मावत नव्हतं. तालुक्याच्या कॉलेजात ती नऊ वर्षं शिकवत होती. कृष्णविवराच्या कडेशी वेळ कसा मंदावतो, याचं एक गणित तिनं तीन वर्षं खपून मांडलं होतं. ते बरोबर की चूक, हे सांगणारं माणूस आसपास एकही नव्हतं. गेल्या दोन परिषदांत तिचं नाव यादीत शेवटचं होतं आणि दोन्ही वेळा आधीच्या सरांनी तिच्या वाटणीची मिनिटं खाऊन टाकली होती. यंदाही ती शेवटचीच होती. पण यंदा सत्राच्या अध्यक्षा कलबुर्गीच्या डॉ. शांतम्मा होत्या, आणि त्यांचंच पुस्तक वाचून तिनं हे गणित हाती घेतलं होतं.

कॉलेजात पोचल्यावर तिनं सासूबाईंना व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली आणि ती नावनोंदणीच्या रांगेत उभी राहिली. तेवढ्यात संयोजक प्रा. गोपाळकृष्ण धावत व्हरांड्यात आले. शांतम्मांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. बाई वयस्कर आहेत, राहणी साधी आहे, काठी घेऊन चालतात, एवढंच त्यांना कळवलं होतं. समोर इरकली लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, काठी आणि करारी चेहरा पाहून त्यांनी हात जोडले.

"अध्यक्षा आपणच ना?"

द्वारकाबाई तेरा वर्षं वाशीच्या महिला भजनी मंडळाच्या अध्यक्षा होत्या.

"व्हय, म्याच," त्या म्हणाल्या.

मग चहा आला, बिल्ला आला, शाल आली. सुनेच्या कामाच्या ठिकाणी सासूचा एवढा मान ठेवतात, हे पाहून द्वारकाबाईंना बरं वाटलं. एका विद्यार्थिनीनं हात धरून त्यांना व्यासपीठावर नेलं.

अर्पिता परतली तेव्हा खुर्चीवर नुसती बाटली होती. तिनं कँटीन पाहिलं, फाटकापर्यंत जाऊन आली, आणि शेवटी सभागृहात डोकावली तर समईच्या मागं शाल पांघरून सासूबाई बसलेल्या. आता खरं सांगावं तर शंभर माणसांत सासूबाईंची शोभा, गोपाळकृष्ण सरांची शोभा आणि निबंधाचं तर नावच नको. ती मुकाट्यानं तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.

गोपाळकृष्णांनी अध्यक्षांसमोर टेबलावरची घंटी सरकवली आणि प्रत्येकाला दहाच मिनिटं आहेत, प्रश्नाला दोन, झाली की वाजवायची, असं सांगितलं. द्वारकाबाईंना याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. एका अभंगानंतर कुणालाच न आवरणाऱ्या म्हाळसाबाईंना मंडळात त्याच खाली बसवत.

पहिले वक्ते डॉ. रणधीर हे ज्येष्ठ गृहस्थ. विषयाला हात घालण्याआधीच त्यांना पंधरा मिनिटं लागत. दहाव्या मिनिटाला घंटी वाजली. ते हसले आणि शेवटचा मुद्दा म्हणून पुढं निघाले. पुन्हा घंटी. तिसऱ्यांदा द्वारकाबाईंनी माइक जवळ ओढला.

"सर, लई चांगलं बोललात. आता बसा. मागची मान्सं ताटकळल्यात."

मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. रणधीर बसले. पुढच्या वक्त्यांनी बसल्या जागीच कागद गाळायला घेतले. एकानं तर आठ मिनिटांत आटोपून अध्यक्षांकडं पाहिलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि तो पोरासारखा खूश झाला.

चौथा निबंध चालू असताना दार उघडून एक सडपातळ बाई काठी टेकत आत आल्या. महामार्गावर त्यांच्या गाडीचं टायर फुटलं होतं. त्यांनी नाव सांगितलं आणि गोपाळकृष्णांचा चेहरा उतरला. ते पाहून अर्पिता उठून मागं गेली आणि व्यासपीठावर आपल्या सासूबाई आहेत हे तिनं खालमानेनं सांगितलं. गोपाळकृष्ण व्यासपीठाकडं निघाले, तर शांतम्मांनी त्यांची बाही धरली.

"बसू द्या की ओ त्यांना. तीस वर्षं परिषदा करते मी. वेळेवर चाललेली ही पहिलीच."

आणि त्या शेवटच्या रांगेत वही उघडून बसल्या.

अर्पिताचं नाव पुकारलं गेलं तेव्हा सत्राची बावीस मिनिटं शिल्लक होती. सुरुवातीला ती कागदावरून नजर न उचलता वाचत होती. मग फळ्यावर पहिलं समीकरण लिहिलं आणि ती सगळं विसरली. मागं शांतम्मांची लेखणी चालू झालेली तिला दिसत होती. शेवटची ओळ लिहायला तिनं खडू टेकवला आणि घंटी वाजली.

"आत्याबाई, एकच ओळ राहिलीय," तिच्या तोंडून निघून गेलं.

"धा म्हंजी धा," द्वारकाबाई माइकवरूनच म्हणाल्या. "सुनंला सवलत दिली म्हनतील लोकं."

सभागृहात हशा उसळला. अर्पितानं खडू खाली ठेवला. तेव्हा शांतम्मा उभ्या राहिल्या आणि त्यांनी विनंती केली, की ती ओळ हाच माझा प्रश्न धरावा. द्वारकाबाईंनी थोडा विचार केला आणि प्रश्नाला दोन मिनिटं असतात, असं म्हणून परवानगी दिली.

अर्पितानं ओळ लिहिली. शांतम्मांनी ती आपल्या वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "छापायला पाठवा."

जेवणाच्या मांडवात गोपाळकृष्ण कोरं प्रमाणपत्र घेऊन आले. घोटाळा त्यांनी आधीच कबूल केला होता आणि द्वारकाबाईंनी त्यांना, घंटी तर बरोबर वाजली ना, असं विचारून गप्प केलं होतं. आता प्रश्न वेगळाच होता. सत्राध्यक्षांच्या नावापुढं त्यांच्या अभ्यासाचा विषय लिहायचा असतो, तिथं काय लिहायचं?

"लिहा, काळ," शांतम्मा गंभीरपणे म्हणाल्या.

द्वारकाबाईंनी घास हातातच थांबवला.

"काळ नगं, सर. वेळ लिवा. काळ म्हनलं की मान्सं भेत्यात."