राखीव विजेचा दिवा

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी पोस्टमास्तरांनी गाडी घेतली. गाडी जुनी, पण पेट्रोलवरही चालणारी आणि घरच्या प्लगवर चार्जही होणारी. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "दोन इंजिनं म्हणजे दोन दुखणी."

"लेक आणि नातवंडं दवाखान्यातून याच गाडीत घरी येतील," पोस्टमास्तर म्हणाले. "माझा शब्द आहे." जावई बोटीवर नोकरीला, त्यामुळे शब्द पाळायचा तर त्यांनाच पाळायला हवा होता.

घरी आणायचा दिवस शुक्रवार ठरला. आणि मंगळवारी सकाळी गाडीत पिवळा दिवा लागला. ब्रेकच्या राखीव वीजपुरवठ्यात बिघाड आहे, असं गाडी म्हणू लागली.

मेकॅनिकने समजावून सांगितलं, "साहेब, हिचे ब्रेक विजेवर चालतात. छोटी बॅटरी ऐनवेळी बसली तर चार-दोन वेळा तरी ब्रेक लागावेत, म्हणून एका डब्यात थोडी वीज राखून ठेवलेली असते. तो डबा रिकामा आहे."

"मग भरा की."

"तो आपला आपण भरतो. का भरला नाही, तेच कळत नाही."

त्याने दिवा घालवला आणि गाडी दिवसभर फिरवली. काही नाही. पोस्टमास्तर ताठ मानेने घरी आले. बुधवारी सकाळी दिवा पुन्हा हजर. गाडी परत गॅरेजात गेली, तिथे डबा मोजून पाहिला, तर काठोकाठ भरलेला!

"बाहेर गुणी आणि घरात रुसलेली," बायको म्हणाली. "तुमच्यावर गेलीय."

पोस्टमास्तरांना उंदरांचा संशय आला. तार कुरतडलेली दिसते का, म्हणून ते दुपारभर गाडीखाली आडवे झाले. सासरे टॉर्च धरून शेजारी उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी एका कारखान्याची रुग्णवाहिका तीस वर्षं चालवली होती, आणि आता ते लेकीकडे, म्हणजे याच घरात, राहत होते.

"आमच्या वेळी असले दिवेच नव्हते," सासरे म्हणाले. "दिवा नाही, तर बिघाडही नाही."

"मामा, टॉर्च जरा इकडे."

उंदीर काही सापडला नाही. पोस्टमास्तरांची कंबर मात्र धरली. बायकोने निकाल दिला, "उद्या सकाळी दिवा दिसला तर मी टॅक्सी सांगणार. माझी दोन पिल्लं मी बिनब्रेकच्या गाडीत बसवणार नाही."

गुरुवारी दिवा दिसला. बायकोने फोन हातात घेतला, तोच मेकॅनिक स्वतःच दारात आला. त्याने काही उघडलं नाही, नुसता आत बसून राहिला. मग म्हणाला, "साहेब, आता वाजले किती?"

"आठला दहा कमी."

"गाडीत दोन पन्नास दिसतायत." त्याने बोटं मोजली. "बॅटरीची तार काढून परत जोडली, की हे घड्याळ शून्यापासून सुरू होतं. म्हणजे आज कुणीतरी बरोबर पाचला तार जोडलीय. या घरात पाचला कोण उठतं?"

सासऱ्यांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला.

"मी उठतो. सोमवारपासून संध्याकाळी तार काढतो आणि पहाटे जोडतो. रुग्णवाहिकेला तीस वर्षं हेच केलं, एकदा बॅटरी बसली नाही. म्हटलं, शुक्रवारी पोरांना आणताना गाडीने दगा द्यायला नको."

"आणि तार काढली की डबाही रिकामा होतो," मेकॅनिक हसत म्हणाला. "आजोबा, तुम्ही बॅटरी वाचवलीत आणि ब्रेक घालवलेत!"

पोस्टमास्तरांचा चेहरा लाल झाला. पण सासऱ्यांवर ओरडायचं कसं? ते एवढंच म्हणाले, "मामा, निदान सांगायचं तरी!"

"काल दोन तास टॉर्च धरून उभा होतो, जावईबापू. तुम्ही उंदराचंच विचारत होतात."

बायकोने फोन खाली ठेवला आणि पदराआड हसून घेतलं.

शुक्रवारी दिवा लागला नाही. पोस्टमास्तर, बायको आणि सासरे असे तिघे दवाखान्यात गेले. मागच्या सीटवर बाळांच्या दोन खुर्च्या बसल्या, मध्ये लेक बसली. सासरे आधीच पुढे बसून दिव्यांच्या जागेवर नजर लावून होते. "दिवा लागला तर कुणीतरी बघायला नको?" हलायचं नाव नाही.

राहिली एक जागा, स्टिअरिंगची.

"मी लेकीला सोडून बसने येणार नाही," बायको म्हणाली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. "तुमचा शब्द काय होता? लेक आणि नातवंडं याच गाडीत येतील. तुम्ही येणार, असं कुठे म्हणाला होतात?"

पोस्टमास्तरांनी किल्ली दिली. गाडी वळणावर थांबली, ब्रेक छान लागले. ते बसथांब्यावर उभे राहून हात हलवत होते आणि रांगेतल्या अनोळखी माणसांना सांगत होते, "ती आमची गाडी."

पुढची सीट शेवटपर्यंत सासऱ्यांचीच राहिली. जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, नऊ फेब्रुवारीला, सकाळचा चहा घेऊन झाल्यावर ते वारले.