जादू तिची, नाव माझं

त्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर कौसानं माझ्यापुढं पत्त्यांची एकवीस पानं मांडली. सात-सातच्या तीन ओळी. "एक पान मनात धरा. बोलू नका." मी बदामची सत्ती धरली. तीनदा मांडून, तीनदा "कोणत्या ओळीत?" विचारून तिनं सत्ती माझ्या मांडीवर टाकली अन् भाकरी थापायला गेली. दुपारी बसल्या जागी तिचा जीव गेला. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

माझ्या बायकोला ही एकच जादू यायची, पण तिनं कुणाला सोडलं न्हाई. पत्त्यांचा कॅट कमरेच्या पिशवीत, सुपारीसंगं. मानवत गावाला जाणाऱ्या एसटीत कंडक्टरला पान धरायला लावलं. मागची माणसं तिकिटासाठी वरडायलीत, अन् हिचं आपलं, "थांबा की, पान कुठं पळून चाललंय?" दवाखान्यात नर्स सुई घेऊन उभी, तरी आधी पान.

अन् शेवटी दर वेळी एकच बोलायची, "जादू आमच्या घरधन्याची हाय. मी आपली बघून शिकले."

त्यामुळं गावात जादूगार मी. लग्नात, बारशात लोक मलाच धरायचे. मी "येत न्हाई" म्हणलं की ही म्हणायची, "लय भाव खातेत."

खरं असं हाय. लग्न नवं होतं तवा परभणीच्या उरुसात एका माणसाची ही जादू मी बघितली. घरी येऊन रुबाबात सांगितलं, ओळी कशाबी उचल, अकरावं पान काढ. जमंना. मी चिडून पत्ते फेकले. हिनं गोळा केले, आठ दिवस खटपट केली अन् शोधून काढलं. सांगितलेली ओळ दर वेळी बाकी दोन ओळींच्या मधी ठेवायची. वर मलाच म्हणली, "तुमीच सांगितलं होतं की, मधी ठेव म्हणून." मी गप बसलो. गोड वाटलं. मग जन्मभर गप बसलो.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायका पिठलं-भाकर घेऊन आल्या. शेजारची शांता म्हणली, "दाजी, तुमची जादू आता कुणाला दाखवणार?"

"माझी न्हवती. तिची होती."

"काहीतरीच. अक्का सोता सांगायची."

"खोटं सांगायची."

शांताला पटंना. मी पत्ते काढले, तिला पान धरायला लावलं. आधी ओळी हाताला येतील तशा उचलल्या. अकरावं पान काढलं. "हेच का?"

"न्हाई."

"ही माझी जादू."

परत मांडली. आता तिची ओळ दर वेळी मधी. अकरावं पान तिच्या हातात दिलं. "हेच!" शांता म्हणली.

"अन् ही कौसाची," मी म्हणलं. मग भाकर मोडली अन् पोटभर खाल्ली.