दातांच्या डॉक्टरांनी उपटलेले प्लग

जेवणाच्या टेबलावर विमान होतं आणि जेवण ओट्यावर ताटकळत होतं. रिमोटवर उडवायचं ते छोटं विमान सासऱ्यांनी बनवलं होतं. त्यांनी आयुष्यभर सुतारकाम केलं होतं. लेकीकडे राहायला आले आणि हातांना चाळा हवा म्हणून हलक्या लाकडाचे पंख घडवत बसले. त्यात इंजिन बसवायचं काम जावयाकडे होतं. जावई दातांचे डॉक्टर. उद्या सकाळी सासरे परत जाणार होते, म्हणजे विमान उडवायचं तर आजच, उजेड आहे तोवर.

घाई मात्र सासऱ्यांपेक्षा डॉक्टरांनाच जास्त होती. सासऱ्यांची डावी दाढ कित्येक महिने ठणकत होती. ते बिचारे उजवीकडून चावत होते, पण खालच्याच मजल्यावर दवाखाना असूनही एकदासुद्धा जावयाच्या खुर्चीत बसले नव्हते. "हात कसा चालतो ते बघितल्याशिवाय मी कुणाला माझ्या लाकडालाही हात लावू देत नाही," एवढंच म्हणायचे. हे डॉक्टरांना फार लागलं होतं. आज इंजिन सुरू झालं की हात कसा चालतो ते सगळ्यांनाच दिसणार होतं.

इंजिन काही सुरू होईना.

मुठीत मावणाऱ्या त्या इंजिनाच्या डोक्यावर एक प्लग असतो आणि त्यात केसासारख्या तारेचं वेटोळं. सेल घातलेली नळी प्लगवर बसवली की वेटोळं लाल होतं, पंखा फिरवला की इंधन पेटतं, आणि इंजिनाने एकदा जीव धरला की नळी काढून घ्यायची. डॉक्टरांनी पंखा फिरवून फिरवून बोट सोलून घेतलं. मग प्लग काढला, नळीला लावला आणि दात तपासायच्या छोट्या आरशात पाहिलं. वेटोळं काळं ठिक्कर.

"गेलाय हा," ते म्हणाले. "दुसरा बसवू."

दुसरा प्लगही त्याच नळीला लावून पाहिला. काळा. तिसराही तसाच. बघता बघता डब्यातले सगळे प्लग बशीत येऊन पडले.

"सगळेच खराब?" सासऱ्यांनी विचारलं.

"हल्ली मालच असा येतो, बाबा."

"उपटायला हात चांगला चालतो तुमचा," सासरे बशीकडे बघत म्हणाले आणि गालावर हात ठेवून बसले.

डॉक्टर आता इरेला पेटले. इंधन जास्त झालं असेल म्हणून टाकी रिकामी केली. त्या वासाने बायको नाकाला पदर लावून बाहेर आली. मग इंजिनच खोललं. त्यातला एक स्क्रू फ्रिजखाली गेला, आणि जावई-सासरे दोघेही पालथे पडून तो शोधू लागले. भिंतीवरचं घड्याळ आठवडाभर बंद होतं. ते आज टकटक करत पुढे पळत होतं.

"या मेल्या घड्याळाला आजच कसा जोर आलाय!" डॉक्टर फ्रिजखालून करवादले.

"सकाळी मीच चालू केलं," सासरे अभिमानाने म्हणाले. "घरात एक तरी वस्तू चालायला नको का?"

स्क्रू सापडला, इंजिन पुन्हा जोडलं, आणि तरीही ते ढिम्म हललं नाही. सासरे आत जाऊन सामान भरायला लागले. डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात फोन वाजला. पेशंटचा होता. बायकोने नेहमीच्या सवयीने, आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "हो, पण दुखतेय तीच दाढ खराब असेल असं नाही हं. डॉक्टर आधी शेजारच्या तपासतात, मगच काय काढायचं ते काढतात. उद्या या."

डॉक्टर बशीतल्या प्लगांकडे बघतच राहिले. मग त्यांनी हळूच नळी उघडली. सेलवर तांबड्या पेन्सिलीने फुली मारलेली होती. टाकाऊ लाकडावर अशी फुली मारायची घरात एकाच माणसाला सवय होती. नळीतला चांगला सेल सकाळी घड्याळात गेला होता, आणि रिकामी खोबण सासऱ्यांना बघवत नसल्यामुळे घड्याळातला मेलेला सेल नळीत आला होता.

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. दुसरा सेल घरात नव्हता. ते स्टुलावर चढले, घड्याळातला सेल काढला आणि नळीत घातला. बशीतला पहिलाच प्लग निखाऱ्यासारखा लाल झाला.

डॉक्टरांनी टाकी पुन्हा भरून पंखा फिरवला, आणि घरामागच्या मैदानावर विमान एका झटक्यात वर गेलं आणि ऐटीत गिरक्या घेऊ लागलं. सासरे मान वर करून, आ वासून बघत होते. ती दाढ डॉक्टरांना आज पहिल्यांदाच दिसली. पण हातात रिमोट होता, नजर विमानावरच ठेवणं भाग होतं.

"काय झालं होतं हो?" परतताना सासऱ्यांनी विचारलं.

"प्लग खराब होता," डॉक्टर म्हणाले.

घरात शिरताच सासऱ्यांनी सवयीने वर पाहिलं. घड्याळ बंद. त्यांनी ते खाली काढून उलटं केलं. आत काहीच नव्हतं. टेबलावर फुलीचा सेल पडला होता. तो त्यांनी उचलला, निरखला आणि गुपचूप खिशात टाकला.

"प्लग खराब होता म्हणालात ना, जावईबापू?"

"हो, बाबा."

"बरं." सासरे घसा खाकरून दवाखान्याच्या जिन्याकडे वळले. "चला, उद्या निघायच्या आत ती दाढ एकदा बघून टाका. पण आधी शेजारची तपासा हं."