सफारी आमच्याकडे, ठमी त्यांच्याकडे

शेजारचे नाना परगावी निघाले की कपडे बदलायला आमच्या घरी येतात. त्यांची निळी सफारी आमच्याच कपाटात असते, माझ्या शर्टांना कोपऱ्यात ढकलून. आंघोळ त्यांच्याकडे, सफारी आमच्याकडे. अख्ख्या अमळनेरात असा दुसरा माणूस नाही, आणि नाही तेच बरं आहे.

याला कारण ठमी, त्यांचं पांढरंशुभ्र मांजर. काकू गेल्यापासून घरात हे दोघंच. आणि धुळ्याची नात चिमी हिला दमा! मांजराचा केस जवळ आला की पोरीचा श्वास अडकतो. मुलानं स्वच्छ सांगितलंय, मांजर कुणाला तरी देऊन टाका आणि इकडेच राहायला या. नाना "पाहू" म्हणतात आणि केस वेचायला बसतात.

बसतात कसले! पायाला भिंगरी. ओला रबरी हातमोजा अंगभर फिरवतील, मग तळहाताला उलटी चिकटपट्टी गुंडाळून खांदे थोपटतील, मग गोल फिरून मला विचारतील, "बठ्ठा केस गयात का?" सगळे गेले, नाना. तरी पुन्हा पहिल्यापासून. एकदा कुणीतरी सांगितलं, कणकेच्या गोळ्यानं केस निघतात. निघाले. कणीक मात्र सफारीवरच वाळली आणि नाना पापडासारखे कडक होऊन एसटीत बसले.

हात गप्प बसतच नाही हो त्यांचा. एका लग्नात नवरदेवाच्या वडिलांच्या मानेवर दिसलेला पांढरा केस त्यांनी चिमटीत धरून ओढला. तो त्या गृहस्थांचाच होता, मुळासकट आला. आम्ही जेवण घाईघाईतच उरकलं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्यासोबत धुळ्याला गेलो. चिमी धावत आली, तर हा माणूस हात मागे बांधून मागे सरकला. पोर हिरमुसली. माझं तर डोकंच फिरलं. म्हटलं, अहो, घ्या की जवळ! तर म्हणे, "एखादा राहिला असला तं?" मुलानं पुन्हा तोच विषय काढला. ओळखीच्या एका शेतकऱ्याला मांजर हवं होतं, उद्याच देऊन या म्हणाला. नानांचं आपलं पुन्हा "पाहू".

परतीच्या वाटेत एसटी पंक्चर झाली. नाना खाली उतर, वर चढ, घड्याळ बघ, कंडक्टरचं डोकं खा. शेवटी मी वैतागलो. "एवढी कसली घाई, नाना? देऊन टाका ना ते मांजर, आणि नातीला मांडीवर घेऊन सुखानं राहा."

नाना माझ्या सीटपाशी थांबले.

"उशीर झाला की ठमी दारात उभी राहून भांडते माझ्याशी. बठ्ठी गल्ली ऐकते." मग आवाज एकदम खाली आला. "तुन्ही काकू गयी. आते मन्हावर वरडनारं दुसरं कोन शे, भाऊ?"

मी उठून खाली उतरलो आणि चाक बसवणाऱ्या ड्रायव्हरला म्हणालो, "जरा लवकर आटपा हो. घरी वाट बघतायत."