एर्गाशच्या डोक्यात शिरलेलं हृदय

होकार देताना एर्गाशला वाटलं होतं, आपल्याला नुसती मान हलवायची आहे. मर्गिलान शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत इतकी वर्षं तो तेच करत आला होता.

त्याची मुलगी सेवारा मागच्या वर्षी वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेत थोडक्यात हुकली होती. पुस्तक तोंडपाठ, पण प्रश्न जरा फिरवून आला की ततपप. यंदाही हुकलं, तर मावशीच्या शिवणाच्या दुकानात बसायचं ठरलेलं. तिच्या बाई म्हणाल्या, "घोकू नकोस. वाचलेलं रोज कुणाला तरी समजावून सांग." आई मुकद्दसला चुलीपासून सवड नव्हती. उरला एर्गाश.

अंगणातल्या बैठकीवर लोडाला टेकून त्यानं चहाचा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"कळलं, बाबा?"

"कळलं की."

"मग आता तुम्ही सांगा."

(ही अट आधी कुणी सांगितली नव्हती.)

"मूत्रपिंड म्हणजे... गाळणी. रक्त खाली, चोथा वर."

"बाबा, तो चहा नाहीये!"

झालं! रोज कचेरीतून थकून यावं, तर दारात सेवारा पुस्तक घेऊन उभी. जेवायला बसावं, तर मुकद्दस पातेलं मागे ओढून म्हणे, "अहो, आधी हृदयाच्या झडपा सांगा, मग पुलाव." एर्गाश बिचारा दोन सांगे, दोन विसरे आणि निम्म्या पुलावावर झोपी जाई.

शेवटी तो चहाखान्यात लपला. सेवारा तिथंही आली. सोंगट्या बाजूला सारून तिनं टेबलावर बोटानं हृदय काढलं. शेजारच्या म्हाताऱ्यांनासुद्धा कळलं. एर्गाश सोडून सगळ्यांना.

"पण पोरी," तो कंटाळून म्हणाला, "हृदयातून रक्त फुप्फुसात जाणार, पुन्हा हृदयात येणार, मग अंगभर जाणार. एकाच कामाला दोन खेपा कशाला? फुप्फुसातून परस्पर पाठवून मोकळं व्हावं!"

सेवारानं उत्तर द्यायला पुस्तक उघडलं. मग ती तिथंच वाचत बसली. तिला ते पाठ होतं, कळलेलं नव्हतं. त्या दिवसापासून तिचं घोकणं सुटलं. एर्गाशची मात्र सुटका झाली नाही.

परीक्षेच्या दिवशी फाटकाबाहेर बाकीचे बाप दुआ मागत होते. एर्गाश पुटपुटत होता, "उजवीकडून फुप्फुसात, डावीकडून अंगात..."

सेवारा पास झाली. चांगली वरच्या नंबरात. मुकद्दस रडली, एर्गाशही रडला (त्यात निम्मे अश्रू सुटकेचे होते). आता संध्याकाळ आपली, म्हणून तो लोडाला टेकतो न टेकतो तोच गल्लीतल्या हमीदाआपा खरबूज घेऊन हजर. मागे त्यांची लेक, हातात जाडजूड पुस्तक.

"एर्गाशभाऊ, हिचंही तेवढं बघा. नाही म्हणू नका."

एर्गाशची छाती फुगली. "अहो आपा, मी कसला विद्वान!"

"म्हणून तर आले! विद्वान काय हो, अर्धं सांगितलं तरी समजून घेतात. तुमच्या डोक्यात शिरलं, म्हणजे परीक्षकाच्या नक्की शिरणार."

एर्गाशनं आशेनं बायकोकडे पाहिलं. मुकद्दस खरबूज हुंगत होती.

"गोड निघेल," ती म्हणाली. "बस गं पोरी. आणि जरा मोठ्यानं सांग, ते डुलक्या घेतात."