त्र्यंबकरावांचा निषेध

"या वर्षी अख्ख्या गल्लीत आपला झेंडा सगळ्यांत मोठा!" त्र्यंबकराव देवधरांनी जाहीर केलं. झेंडा खरोखरच एवढा मोठा निघाला, की सुलेखाबाईंना वाटलं, नवऱ्याने सर्कशीचा तंबूच उचलून आणला!

एकोणनव्वद सालचा चार जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्र्यंबकराव नुकतेच अमेरिकेचे नागरिक झाले होते, त्यामुळे अंगात नव्या जावयाचा उत्साह! त्यातच पंधरवड्यापूर्वी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला होता, की निषेध म्हणून झेंडा जाळणं हे भाषणस्वातंत्र्यच आहे, त्याला शिक्षा करता येणार नाही. त्यांच्या वेस्ट विंडसर गावात लोक दुसरं काही बोलतच नव्हते.

"कोर्टाचं डोकं फिरलंय!" घरी जेवायला आलेल्या राजाराम आणि प्रतिमाला त्र्यंबकराव सांगत होते. "असल्या लोकांना सरळ तुरुंगात टाका!"

"ते टाकू हो, आधी कणसं भाजा," राजाराम म्हणाला. "कोळसे पेटत नाहीयेत यार. अजून थोडं लायटर फ्लुइड मारा."

त्र्यंबकरावांनी थोडं नाही, चांगलं सढळ हाताने मारलं. भडका उडाला, वारा आला, आणि घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्याला बांधलेल्या झेंड्याचं टोक त्यात सापडलं. नायलॉनच ते! बघता बघता पेटलं.

त्र्यंबकरावांनी झेंडा ओढून खाली पाडला आणि कोल्हापुरी चपलांनी त्यावर थयथया नाचायला लागले.

"पाणी! पाणी!" ते हात उंचावून ओरडले.

"पाणी! पाणी!" बाकीचेही हात उंचावून ओरडले.

"डॅड, स्टॉप! यू आर स्टँडिंग ऑन द फ्लॅग!" मुलगी मालिनी किंचाळली.

त्र्यंबकरावांनी मान वर केली. कुंपणापलीकडे शेजारचे मिस्टर डॉईल उभे होते. त्यांचा मुलगा टॉमी व्हिएतनामच्या युद्धातून परत आला होता तो शवपेटीतून, असल्याच झेंड्याखाली. डॉईलना काय दिसलं? जळणारा झेंडा, त्यावर नाचणारा माणूस आणि भोवती घोषणा देणारा जमाव!

"ॲक्सिडेंट! मिस्टर डॉईल, ॲक्सिडेंट!"

डॉईल पाठ फिरवून आत गेले.

कोणीतरी पोलिसांना फोन केला. तरुण पोलीस आला, त्याने राखेकडे बराच वेळ पाहिलं.

"अहो, चुकून झालं!" त्र्यंबकराव काकुळतीला आले.

"सर, तुम्ही कारण देण्याची गरज नाही. तो तुमचा हक्क आहे," दातओठ खात तो म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातला एक दाढीवाला पोरगा येऊन त्यांचा हात गदागदा हलवून गेला. "व्हॉट करेज!" चुकून झालं म्हणून त्याला सांगितलं, तर तो डोळा मारून म्हणाला, "तेच सांगत राहा!"

मग मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. मालिनी पोहायला गेली, तर तलावातल्या मुली एकेक करून बाहेर पडल्या. समोरच्या बाईंनी सुलेखाबाईंना पाहून दार लावून घेतलं. आणि शनिवारी, सगळे जेवत असताना, खिडकीतून दगड आला. मालिनीच्या कपाळाला काच लागली. तीन टाके पडले. त्या दिवसापासून ती खिडकीजवळ बसेना.

दोन दिवसांनी दारात डॉईल उभे राहिले.

"पोरीचं ऐकलं," ते म्हणाले. "मला तुझं तोंड पाहवत नाही, देवधर. पण तू जे केलंस, ते करण्याची मोकळीक टिकावी म्हणूनच माझा टॉमी गेला. असं नाही मानलं, तर तो गेला कशासाठी? आता पुन्हा इथे दगड येणार नाही. मी सगळ्यांना सांगितलंय."

त्र्यंबकरावांनी तोंड उघडलं. 'अहो, पण मी काही केलंच नाही!' शब्द अगदी ओठांवर आले होते. मागून सुलेखाबाईंनी त्यांच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"थँक यू," त्र्यंबकराव म्हणाले.

डॉईल मान हलवून हळूहळू हिरवळ ओलांडून गेले. त्यांचं दार बंद झालं तरी त्र्यंबकराव उंबरठ्यावरच उभे होते.

"सुलेखा," शेवटी ते म्हणाले, "पुढच्या चार जुलैला आपण नायगाराला जाऊ."

"अहो, गेल्या वर्षीच पाहिला की!"

"परत पाहू!"